मिठाची पुडी

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी शाळेतून परत आलेला माझा डबा हुंगायच्या. मी घरात पाऊल टाकलं की त्यांचा हात पुढे. चहा नंतर, पाणी नंतर, आधी डबा. एकेक खण उघडून नाकाशी न्यायचा, तळाशी बोट फिरवायचं आणि मग विचारायचं, "काय म्हने?"

हे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालातलं आहे. शाळा रामाकोन्याच्या पुढे एका खेड्यात होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना वाचता येतं, त्यातल्या काहींना मीच शिकवलं आहे. सौंसरहून छोट्या लाईनीच्या गाडीने रामाकोन्यापर्यंत जायचं, तिथून पायी. शाळेत माझ्याआधी तीन बाया होत्या. बडीबाई म्हणजे मुख्याध्यापिका प्रमिलाबाई, नुकतं लग्न झालेल्या उषाताई, आणि पहिलीच्या वर्गाच्या वच्छलाबाई. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या खोलीत सतरंजी टाकायची, सगळ्यांनी डबे उघडून मध्ये ठेवायचे आणि प्रत्येकीने प्रत्येकीचं थोडं थोडं घ्यायचं, असा त्यांचा रिवाज होता. मी जुलैत बदलून तिथे गेले तोवर तो फार छान चालला होता.

पहिल्याच दिवशी मी डबा मध्ये ठेवला. पोळ्या आणि वांग्याची भाजी. हात आले, माझ्या डब्याला वळसा घालून पलीकडच्या लोणच्यात गेले. कोणी तोंड वाकडं केलं नाही, कोणी सरकून बसलं नाही. सगळं फार सभ्यपणे चाललं होतं. वच्छलाबाई तेवढ्या माझ्या भाजीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. अंगाने भरलेल्या, खाण्याच्या शौकीन बाई. शेवटी त्याच म्हणाल्या, "अवो चंद्रकलाबाई, भाजीले थोडासा वास येऊन राहिला का? डब्बा बंद राहते ना. उतरते मंग भाजी."

भाजी उतरली नव्हती. सकाळी केलेली भाजी दुपारपर्यंत उतरत नाही, आणि उतरली तर ती उघडणारीला आधी कळते. मी पांढुर्ण्याच्या बौद्ध घरातली मुलगी, नागपुरात राहून बी.ए. झालेली. काय चाललंय ते समजायला मला दुसरा दिवस लागला नाही. मी माझी भाजी-पोळी खाल्ली आणि वह्या तपासायला घेतल्या. माझ्या दृष्टीने विषय संपला.

घरी आत्याबाईंनी डबा उघडला. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणायची.) नवी शाळा, नव्या बाया, म्हणून त्यांनी हौसेने चौघींना पुरेल एवढी भाजी दिली होती. तिघींची भाजी परत आली.

"कोनी खाल्ली नाई?"

"वास येतो म्हणाल्या."

मला वाटलं आता भडकतील. त्यांनी भाजी हुंगली. डब्याचं झाकण हुंगलं. मग रबराची चकती काढून तीही हुंगली.

"वास नाई," त्या म्हणाल्या.

"नाहीच आहे."

"बरं. उद्या अजूनच नाई यायचा असं करतो."

माझे डोळे कपाळात गेले. मला वाटलं, म्हातारीला कळलंच नाही.

आत्याबाईंचं नाव शकुंतला. सासरे, भाऊराव, गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मागे आत्याबाईंनी संत्र्याच्या बागांत तोडाईचं आणि पेट्या भरण्याचं काम करून माझ्या नवऱ्याला, उत्तमरावांना, मॅट्रिक केलं आणि नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर चिकटवलं. संत्रं ओढून तोडायचं नाही, देठाला चिमूटभर ठेवून कापायचं. दवाचं ओलं फळ पेटीत घालायचं नाही. एक दबलेलं गेलं की दिल्लीला पोचेपर्यंत सगळी पेटी घाण होते. हे त्या मला पोळ्या लाटताना ऐकवायच्या, मी विचारलेलं नसताना. "माह्या हातचे संत्रे दिल्लीचे लोक खाते," असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना जरा ताठ व्हायच्या. दिल्लीचे लोक ते कोणाच्या हातचं म्हणून खात होते, हा प्रश्न मी कधी काढला नाही.

छप्पन्न साली त्या भाऊरावांबरोबर नागपूरला गेल्या होत्या, दीक्षेला. त्या दिवसाबद्दल दुसरी माणसं बोलतात तेव्हा आवाज जड होतो. आत्याबाई शिदोरीबद्दल सांगायच्या. ज्वारीच्या भाकरी कडक भाजून घेतल्या होत्या, जवसाची चटणी कोरडी ठेवली होती, तिसऱ्या दिवशीपण खाता आली. "पन तिसऱ्या दिवसापर्यंत रायली कुठं? जो आला त्यानं खाल्ली. आमची सगळ्यात पयले संपली." एवढंच. हे त्या पुष्कळदा सांगायच्या आणि दरवेळी "संपली" या शब्दावर थांबायच्या.

तर दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. डबा राखेने आणि चिंचेने घासून उन्हात उपडा ठेवला गेला. रबर वेगळं धुतलं. भाजीची वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असा नियम झाला. त्यामुळे मी गाडीसाठी पदर खोचून दारात उभी आणि त्या भाजीला पंख्याने वारा घालतायत, असं रोज सकाळी व्हायला लागलं. पोळ्या जुन्या सुती लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळल्या, म्हणजे घाम धरत नाहीत.

"काय म्हने?"

"कापडातलं आमच्यात चालत नाही म्हणाल्या. बडीबाई."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पळसाची पानं आली. पळसाच्या पानावर तर देवाचा नैवेद्यही वाढतात, तेव्हा पानाबद्दल कोणाला काही सुचलं नाही. तेल सुचलं. तेल जादा आहे, बडीबाईंच्या घशाला चालत नाही. तेल कमी केलं. मग भाजी काळी दिसते. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात पडायला लागली, भाजी काळी दिसेना. मग तिखट. मग, तिखट कमी केल्यावर, मिळमिळीत. न खाता मिळमिळीत कशी कळली, हे मी विचारलं नाही. उषाताई खाली बघत होत्या.

परत आलेलं सगळं उत्तमराव खायचे. रोज तिघींचं. त्यांना कशालाच वास येत नसे. त्या वर्षी त्यांचं वजन फार वाढलं आणि नगरपालिकेतले लोक मला म्हणायचे, "वहिनी, हात चांगला आहे तुमचा."

एकदा मात्र आत्याबाईंची खरंच चूक झाली. पोळ्याच्या सणाला त्यांनी काकडीची दह्यातली कोशिंबीर दिली, आणि कल्हई उडालेल्या पितळेच्या डब्यात दिली, कारण स्टीलचा खण उत्तमराव घेऊन गेले होते. दुपारी उघडली तर हिरवट. कळकली होती. आंबट पितळेला लागलं की कळकतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. त्या दुपारी ऑफिसच्या खोलीत मला कधी नव्हे इतकी आपुलकी मिळाली. प्रमिलाबाईंनी स्वतःचं लोणचं पुढे केलं. वच्छलाबाईंनी पितळेवर पुष्कळ माहिती सांगितली. "होते असं, होते," म्हणत सगळ्या हसत होत्या. त्यांना किती बरं वाटलं होतं! पहिल्यांदाच खरं कारण मिळालं होतं.

आत्याबाईंना मी हे सांगितलं तेव्हा मात्र त्या चिडल्या. स्वतःवर. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, कल्हईवाल्याला घरी बोलावून त्याच्या डोक्यावर बसून सगळं पितळ पांढरं करून घेतलं आणि पुन्हा कधी दही पितळेत घातलं नाही.

दिवाळीनंतर संत्री सुरू झाली. आत्याबाईंनी बागेतून आणलेली चांगली फळं डब्याबरोबर पिशवीत दिली. ती मात्र पटापट गेली. वच्छलाबाईंनी दोन जागेवर सोलली आणि दोन पर्समध्ये घातली.

"खाल्ले?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळे."

त्या खूष होतील असं मला वाटलं. त्या विचार करत बसल्या. दुसऱ्या दिवशी अर्धी संत्री सालीसकट दिली, अर्धी सोलून. सोललेल्या फोडी मोडल्या नव्हत्या, वरच्या पांढऱ्या शिरा तशाच ठेवल्या होत्या म्हणजे सुकत नाहीत, आणि ओल्या पानात गुंडाळून गार जागी ठेवायची मला ताकीद होती. दुपारी उघडल्या तेव्हा त्या झाडावरून आल्यासारख्या होत्या.

"कोनते गेले?"

"सालीचे."

"आन् सोललेले?"

"सोललेले सुकतात म्हणाल्या."

"सुकले होते?"

"नाही."

"हं," आत्याबाई म्हणाल्या. मग जाम झाले. तुम्ही पेरू म्हणता, आम्ही जाम म्हणतो. अख्खे जाम गेले. चिरलेले परत आले, कारण चिरलेला जाम काळा पडतो. तर आत्याबाईंनी जामाच्या चार फोडी केल्या, मीठ-लिंबू लावलं, फोडी पुन्हा जशाच्या तशा जुळवल्या आणि फळ दोऱ्याने बांधलं. आतून हवा लागत नाही, फोड पांढरी राहते. दुपारी दोरा सोडला तर जाम पांढराशुभ्र. प्रमिलाबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "दोरा कशाचा आहे?"

त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. वह्यांचा गठ्ठा, तीन खणांचा डबा, फळांची पिशवी, पळसाची पानं, एवढं घेऊन मी गाडीत चढायची तेव्हा लोक विचारायचे, लग्नाला चालल्या का. आणि कशासाठी? दोरा कशाचा आहे ऐकायला.

मी म्हणाले, "आत्याबाई, हे बंद करा. त्यांना वास येत नाही, काळं दिसत नाही, दोरा खुपत नाही. त्या आपल्या हातचं खात नाहीत. एवढंच आहे सगळं."

त्या कांदा चिरत होत्या. मान वर केली नाही.

"हे मले तू आज सांगून राहिली का?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"बाप्पा! बी.ए. तू झाली. पन सौंसरात जलम माहा गेला."

मी खाली बसले. "मग हे कशाला? रोज डबा नेऊन त्यांच्यापुढे ठेवायचा. मला लाचारी वाटते ही."

"लाचारी कायची वो? मी त्यायले खा म्हनून राहिली का? तिथं सगळ्याच ठेवते, तू बी ठेव. त्या म्हनते वास येते, मी वास काढतो. त्या म्हनते तेल जादा, मी तेल कमी करतो. असे कारनं किती असतीन एका बाईपाशी? संपतीन ना कधी?"

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर खातीन. नाई तं तोंडानं म्हनतीन, का तुमच्या हातचं खात नाई म्हनून. कोनी एकीनं तोंडानं म्हनलं, का मी डब्बा बंद करतो. तुले एकटीपुरती पोळी-भाजी देतो, अन् मी बसतो आरामात. पन म्हनू दे न. फुकट कायले सोडू?"

"तक्रार करता येते, आत्याबाई. कायदा आहे."

"कर न. कायद्यात लिहिलं हाये का, दुसऱ्याच्या डब्यातली भाजी खाल्लीच पायजे म्हनून?"

लिहिलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं, कारण मी बी.ए. होते. मी उठून कांदे चिरायला घेतले. त्यानंतर मी पिशवीबद्दल तक्रार केली नाही. पटलं म्हणून नव्हे. आता मलाच बघायचं होतं, पुढचं कारण काय येतं ते.

पुढचं कारण उपासाचं आलं. आता अन्नाला नावं ठेवायला जागा उरली नव्हती म्हणून प्रमिलाबाईंचे उपास वाढले. सोमवार होताच, गुरुवार सुरू झाला, मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या. आमच्या घरातले उपास छप्पन्न सालीच गेले होते. आत्याबाई शेजारच्या केसरबाईंकडे जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघून आल्या. केसरबाईंनी विचारलं, "शकुंतलाबाई, तुमी उपास कराले लागल्या का?" आत्याबाई म्हणाल्या, "मी नाई. माह्या वतीनं दुसरी बाई करून राहिली."

एकादशीला माझ्या डब्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. मोकळी, पांढरी भगर, आणि आमटीत जिरं-मिरची वाटून. माझं स्वतःचं जेवणही तेच; मी बिनउपासाची उपाशी. प्रमिलाबाई बराच वेळ भगरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीठ कोणतं घातलं आहे? उपासाला साधं चालत नाही आम्हाला."

आत्याबाईंनी शेंदं मीठ आणलं. आणि त्या दिवसापासून मिठाच्या बाबतीत त्या फार जपून हात टाकायला लागल्या.

फेब्रुवारीत एक दिवस सगळ्यात सरळ गोष्ट घडता घडता राहिली. डब्यात सोललेली संत्री होती. मृगाच्या बहाराची, गोड. उषाताईंनी हात पुढे केला, थांबवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय आहे ना चंद्रकलाबाई, आमच्या घरी सासूबाई..."

"हं?" मी म्हणाले.

"सासूबाई म्हणतात की..."

घंटा झाली. शाळेचा शिपाई चिंधू घंटा नेहमी उशिरा द्यायचा, त्या दिवशी वेळेवर दिली.

आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या डबा हातात धरून उभ्याच राहिल्या. "अन् पुढं?"

"पुढे काही नाही. घंटा झाली."

"जवळ आली," त्या म्हणाल्या. "कारनं सरत आले त्यायचे."

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एके दिवशी प्रमिलाबाई आणि उषाताईंना मीटिंगसाठी सौंसरला बोलावलं. दुपारी सतरंजीवर आम्ही दोघीच, वच्छलाबाई आणि मी. त्यांनी डबा उघडला आणि लगेच लावला. पण वास खोलीत पसरला होता. त्यांच्या सुनेने सकाळी गरम वरण-भात वाफेसकट दाबून झाकण लावलं होतं, आणि डबा सकाळपासून खिडकीत उन्हात होता. चमच्याला तार येत होती. आठ महिने ज्या वासाबद्दल मी ऐकत होते तो मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

"उतरलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"होतं असं," मी म्हणाले.

गाव दूर, हॉटेल नाही, आणि चार वाजेपर्यंत पहिलीची पोरं सांभाळायची. मी माझा डबा उघडला. त्या दिवशी सांभारवडी होती. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. कोथिंबिरीत खोबरं, खसखस घालून सारण करायचं, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. आत्याबाईंनी ती तळून, निथळून, पार गार करून, विस्तवावर शेकलेल्या केळीच्या पानात बांधली होती. दुपारीही ती बोटाने टोकली तर वाजत होती.

वच्छलाबाईंनी बघितलं. "हे काय होय, सांभारवडी?"

"हो."

"तेलाची असंन."

"निथळलेली आहे."

"पान कायचं?"

"केळीचं."

"वास..." म्हणून त्यांनी नाक पुढे केलं आणि थांबल्या. वास येत होता. तोच तर त्रास होता. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "उपास तं नाई आज माहा." वडी मी त्यांच्याकडे सरकवली नाही. डबा नेहमीसारखा मध्येच होता. वच्छलाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग एक वडी उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. मग शांतपणे, पदराने बोटं पुसत, आणखी दोन. डोळे मिटून चावत होत्या. संपल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "मीठ कमी हाये."

घरी हात पुढे आलाच. "काय म्हने?"

"मीठ कमी आहे म्हणाल्या. वच्छलाबाई."

"बरं, उद्या..." आत्याबाई सवयीने म्हणाल्या, आणि थांबल्या. डबा उघडला. वड्यांचा खण रिकामा होता. "तिनं खाल्ली?"

"चार."

आत्याबाई पाटावर बसल्या. मला वाटलं, रडतील की काय. आणि मला रडणारी माणसं आवरत नाहीत. पण त्यांचं तोंड लाल झालं होतं ते वेगळ्याच कारणाने.

"मीठ कमी? माह्या वडीत? मीठ कमी कसं असंन? आठ महिने वास काढला, तेल काढलं, दोरे बांधले, एक शब्द बोलली नाई मी. अन् आता खाऊन वर म्हनते मीठ कमी?" त्यांनी उत्तमरावांसाठी ठेवलेली वडी उचलली, चावली, बराच वेळ तोंडात घोळवली. "बराबर हाये." मग उत्तमरावांना हाक मारली. "उत्तम! खाय हे. सांग, मीठ कसं हाये?"

उत्तमरावांनी खाल्ली. "थोडं कमीच हाये, माय."

त्यांना दुसरी मिळाली नाही.

सकाळी आत्याबाईंनी पुन्हा सांभारवडी केली. डबा बांधून झाल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची एक छोटी पुडी माझ्या हातात ठेवली. आत मीठ.

"हे त्या बाईच्या हातात देजो. म्हनजो, तुमच्या जिभेले लागत असंन तं वरून घ्या. सगळ्यायसमोर देजो."

"आत्याबाई, तिने एकटीने खाल्लंय. दाराकडे बघून खाल्लंय. सगळ्यांसमोर दिली तर फजिती होईल तिची."

"फजिती कायची? मीठ हाये ते."

मी गाडीत पुडी मुठीत धरून बसले होते. सांगायला हरकत नाही, वच्छलाबाईंची मला दया येत होती. तिघींत त्याच एकट्या जरा मोकळं बोलायच्या. खोटं बोलायच्या, पण बोलायच्या. आणि पुडी पुढे केली की त्या "मी कुठं खाल्ली?" म्हणणार, हे मला दिसत होतं. मग आत्याबाईंच्या हाती काय राहणार? ना खाल्लं, ना म्हटलं. तरी मी ती दिली. न देता परत गेले असते तर घरी हुंगून कळलं असतं.

दुपारी चारही डबे उघडले. मी पुडी वच्छलाबाईंच्या समोर ठेवली. "आत्याबाईंनी दिलंय. काल तुम्ही मीठ कमी म्हणालात ना."

उषाताईंचा घास हातातच राहिला. प्रमिलाबाईंनी चष्मा वर केला. "कशात मीठ कमी?"

वच्छलाबाईंनी पुडीकडे पाहिलं, बडीबाईंकडे पाहिलं. मी मदत केली नाही. चिंधूने घंटाही दिली नाही. शेवटी त्यांनी पुडी उचलली आणि नखाने सोडली.

"वडीत," त्या म्हणाल्या. "कमी होतं तं कमीच म्हनन मी. खोटं कायले बोलू?"

वडी घेतली, वरून चिमूट टाकली, सगळ्यांसमोर अर्धी चावली. चावून म्हणाल्या, "आजच्या वडीत बराबर होतं. वरून टाकलं ते जादा झालं."

"वच्छला!" बडीबाई म्हणाल्या.

"काय वच्छला, बाई? तुमी खाऊन पाहा. कमी का जादा, खाल्ल्याबिगर कसं सांगता येईन?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, "माझा आज उपास आहे."

त्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारचा उपास त्यांचा तोवर नव्हता, पण त्या बाई शब्दाच्या पक्क्या. त्या दिवसापासून त्यांनी मंगळवारही धरला आणि रिटायर होईपर्यंत पाळला. माझ्या डब्यातलं त्यांनी कधी खाल्लं नाही आणि का खात नाही तेही कधी तोंडाने म्हणाल्या नाहीत. संत्री मात्र शेवटपर्यंत घेतली, सालीसकट. उषाताईंनी पुढच्या आठवड्यात सोललेल्या संत्र्याची एक फोड घेतली, मग दुसरी, आणि सासूबाईंचं ते वाक्य कधीच पुरं केलं नाही.

पण मी मंगळवारचं सांगत होते. घरी पोचले तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"देल्ली?"

"दिली."

"सगळ्यायसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"खाल्ली?"

"खाल्ली. उरल्या होत्या त्याही पुसून नेल्या घरी, सुनेला दाखवायला."

"काय म्हने?"

"आज मीठ जास्त झालं म्हणाल्या."

आत्याबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला. हुंगला नाही. तसाच राखेत ठेवला आणि घासायला बसल्या.

"काल कमी, आज जादा," त्या म्हणाल्या. "त्या बाईले जीभच नाई." आणि जेवणं होईपर्यंत त्या वच्छलाबाईंना नावं ठेवत राहिल्या.